विझर्डने कोणती विद्या धरावी?

कानिफनाथांचे शिष्य आमराईत उतरले होते. फळे पिकलेली होती, पण उंच होती. कानिफांनी झोळीतून भस्माची चिमूट घेतली आणि विभक्तास्त्राचा मंत्र म्हटला. आंबे देठापासून सुटले. मग आकर्षणाच्या मंत्राने ते सगळ्यांच्या पुढ्यात येऊन पडले. गोरक्षनाथ तिथेच होते. खाणे उरकल्यावर त्यांनी विचारले, की उरलेली फळे पुन्हा झाडाला होती तशी लावता येतील का? कानिफांना ते अशक्य वाटले. गोरक्षांपाशी मात्र संजीवनी विद्या होती. त्यांनी फळे देठांना परत लावून दाखवली.

‘नवनाथ भक्तिसार’ मधला हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. मालू कवीने 1819 मध्ये पूर्ण केलेला हा 40 अध्यायांचा ग्रंथ श्रावणात आजही पारायणाला लावतात. प्रसंगात दोघेही थोर आहेत, दोघांच्याही झोळीत भस्म आहे, दोघांनाही मंत्र सिद्ध आहेत. तरी एकाला तोडून आणणे सुचते आणि दुसऱ्याला जोडणे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सारख्या खेळात विझर्डचे पात्र घेतलेल्या प्रत्येक खेळाडूसमोर एका टप्प्यावर नेमका हाच प्रश्न येतो. या पात्राची विद्या कोणती?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: योद्धा, चोर, पुरोहित, विझर्ड. डीएम प्रसंग उभा करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ 1974 मध्ये छापून बाजारात आणला. विझर्ड हे त्यातले अभ्यासू पात्र. त्याच्याकडे मंत्रांची वही असते. आजच्या नियमांत ती पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या टप्प्यावर, सहा मंत्रांनी सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला तिच्यात दोन मंत्रांची भर पडते. रोज सकाळी तो वहीतले काही मंत्र त्या दिवसासाठी तयार करतो. मंत्र म्हणायची त्याची ताकद मोजून मिळालेली असते. ती संपली की विश्रांतीशिवाय परत येत नाही. मंत्र वापरला की डोक्यातून पुसला जातो, ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’ वरून उचलली. पुढे नियम बरेच सैल झाले, पण मोजून-मापून वापरण्याची शिस्त टिकली.

या खेळात सगळे मंत्र आठ विद्यांमध्ये वाटलेले आहेत. ॲब्जुरेशन ही रक्षणाची विद्या. कंज्युरेशन म्हणजे कुठून तरी वस्तू किंवा प्राणी आणणे, कुठे तरी पोचवणे. डिव्हिनेशन म्हणजे जे दिसत नाही ते जाणणे. एन्चांटमेंट दुसऱ्याच्या मनावर चालते. इव्होकेशन आग, वीज, थंडी अशा शक्तींवर. इल्युजनमध्ये भास, नेक्रोमन्सीमध्ये जीवन-मरण, आणि ट्रान्सम्युटेशनमध्ये एका वस्तूची दुसरी करणे. विझर्ड कुठल्याही विद्येचे मंत्र शिकू शकतो, पण एका विद्येत तो विशेष होतो.

मराठी वाचकाला ही वाटणी परकी वाटायचे कारण नाही, आणि बीड जिल्ह्यातल्या वाचकाला तर मुळीच नाही. आष्टी तालुक्यातल्या सावरगावजवळ मायंबा आहे, तिथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथगड आहे. येवलवाडीला जालिंदरनाथांचे स्थान आहे. गर्भगिरीच्या डोंगरातच, पण अहिल्यानगर जिल्ह्यात, मढीला कानिफनाथ. मढी आणि मायंबा लोक एकाच फेरीत करतात. म्हणजे वेगवेगळ्या विद्यांचे धनी मानले गेलेले गुरू-शिष्य या एका डोंगररांगेत शेजारी शेजारी आहेत. गर्भगिरीच्या पायथ्याच्या गावांतली मुले मोहिनीअस्त्र, वाताकर्षणास्त्र, वासवास्त्र, संजीवनी ही नावे कीर्तनातून ऐकत मोठी होतात. या मुलांना मंत्रांचे प्रकार असतात हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इथे एक पथ्य मी कसोशीने पाळतो आणि वाचकांनीही पाळावे असे मला मनापासून वाटते. नाथ हे लाखो लोकांच्या श्रद्धेचा विषय आहेत. त्यांना पात्र म्हणून टेबलावर आणू नये, त्यांच्या ‘लेव्हल’ ठरवू नयेत. त्यांच्या कथांमधून शिकायचे ते एवढेच, की विद्या माणसाला कशी मिळते, ती त्याच्या स्वभावाला कशी चिकटते आणि कुठे अपुरी पडते. पात्र आपले स्वतःचे घडवावे.

नवा खेळाडू साधारणपणे विद्या निवडतो ती यादी वाचून. कुठल्या विद्येत सर्वांत जबर मंत्र आहेत? उत्तर ठरलेले असते: इव्होकेशन. कारण त्यात फायरबॉल आहे. मंत्रांच्याही चढत्या पायऱ्या असतात, हा तिसऱ्या पायरीचा मंत्र. 20 फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, आणि सहा बाजूंचे आठ फासे टाकून येईल तेवढी इजा. पण इथेच नवख्याची फसगत होते, कारण फायरबॉल सगळ्याच विझर्डना शिकता येतो. इव्होकेशनची विशेष विद्या वेगळेच काही देते. तो विझर्ड आपल्या आगीत मोकळ्या जागा ठेवू शकतो. मंत्राची पायरी अधिक एक, म्हणजे फायरबॉलच्या वेळी चार जण, त्या आगीत उभे राहूनही अजिबात भाजत नाहीत. ज्याच्या पार्टीतला, म्हणजे सोबत्यांच्या गटातला, योद्धा नेहमी शत्रूंच्या गराड्यात शिरतो, त्याच्यासाठी ही विद्या सोन्याची. ज्याची पार्टी लांबून बाण मारणारी आहे, तिथे तिचा फारसा उपयोग नाही. तेव्हा सोबत्यांकडे न बघता विद्या निवडताच येत नाही, हे माझे पहिले सांगणे.

पूर्वी ही निवड फार महागात पडे. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत विशेष विद्या घेतली की तिच्या विरोधी विद्या कायमच्या बंद होत. भासविद्या घेणाऱ्याला रक्षण, मारक शक्ती आणि मृत्युविद्या या तिन्हींवर पाणी सोडावे लागे. 2003 च्या सुधारित नियमांत कोणत्या दोन विद्या सोडायच्या ते खेळाडू स्वतः ठरवी. डिव्हिनेशनवाल्याला एकच सोडावी लागे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने बंदी काढून टाकली आणि दुसऱ्या लेव्हलला आठांतली कुठलीही विद्या निवडायची मुभा दिली. 2024 च्या मुख्य पुस्तकात ही निवड तिसऱ्या लेव्हलला गेली आणि पर्याय चारच राहिले: रक्षण, ज्ञान, शक्ती आणि भास. मला जुन्या नियमांतली ती बंदी आवडते. काय सोडले यावरूनही पात्र कळते. आज नियम सोडायला लावत नाही, तरी खेळाडूने स्वतःहून एक विद्या सोडून पाहावी. ‘माझी विझर्ड कुणाच्या मनावर मंत्र चालवणार नाही’ असे एक वाक्य पात्राच्या कागदावर लिहिले, की पहिल्याच अडवणाऱ्या पहारेकऱ्यापाशी खेळ रंगायला लागतो.

आता एक पात्र घडवून पाहू. नियमांच्या पुस्तकातली उदाहरणे बहुतेक युरोपातल्या किल्ल्यांची आणि मनोऱ्यांची असतात. आपण बीडची घेऊ. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. फडाजवळ पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, लहान मुले कोपीत झोपलेली असतात, आणि उसात बिबट्या असू शकतो. अशा कुटुंबातली एक मुलगी काल्पनिक जगात विझर्ड झाली, तर ती पहिल्यांदा कोणता मंत्र शिकेल?

मला शंका नाही: अलार्म. पहिल्या पायरीचा मंत्र, रक्षणविद्येतला. दार, खिडकी किंवा 20 फूट लांबी-रुंदी-उंचीची जागा त्याने बांधता येते. कुणी आत शिरायला गेले की सूचना मिळते. कोणाच्या येण्याजाण्याने सूचना होऊ नये हे आधी ठरवता येते, म्हणजे घरची माणसे निर्धास्त. सूचना घंटीसारखी ऐकू येणारी ठेवता येते, नाहीतर नुसती मनात उमटणारी. आणि मनातली सूचना विझर्ड एका मैलाच्या आत असेल तर झोपेतूनही जागे करते. बांधलेली जागा आठ तास टिकते. साहित्य म्हणून लागते एक छोटी घंटी आणि चांदीची बारीक तार. सावकाश, विधीसारखा म्हटला तर अकरा मिनिटे लागतात आणि दिवसाच्या ताकदीतून काहीही खर्च होत नाही. अलार्मला कुणी जबर मंत्र म्हणत नाही. पण कोपीत भाऊ झोपलेला आणि आपण फडात, ही काळजी जिने लहानपणभर वाहिली तिच्यासाठी याहून मोठा मंत्र नाही.

आता ती विशेष विद्या म्हणून ॲब्जुरेशन घेते, आणि इथे नियमही तिच्या बाजूने उभे राहतात. या विद्येच्या विझर्डभोवती मंत्राचे एक कवच तयार होते. तिच्यावर होणारी इजा आधी ते कवच झेलते. 2014 च्या नियमांत कवचाची ताकद लेव्हलच्या दुप्पट अधिक बुद्धीचा गुण. दुसऱ्या लेव्हलला बुद्धीचा गुण तीन असेल तर चार अधिक तीन, म्हणजे सात. ते झिजले की रक्षणविद्येतला कुठलाही मंत्र म्हटल्यावर मंत्राच्या पायरीच्या दुप्पट भरून येते. विधीने म्हटलेल्या अलार्मनेसुद्धा दोन गुण परत येतात. म्हणजे ही मुलगी मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यांभोवती अलार्म बांधत बसते, तेव्हा तिचे स्वतःचे कवचही भरत असते. तिचा स्वभाव, तिचे बालपण आणि नियमांचे गणित तिथे एकत्र येते. निवड बरोबर झाली हे ओळखायची माझी खूण हीच आहे.

याच मुलीला वेगळा स्वभाव दिला तर विद्या बदलते. कोपीतल्या काळजीपेक्षा डोक्यावरच्या मोळीचे ओझे जिच्या मनात जास्त बसले आहे ती कंज्युरेशनकडे जाईल. त्या विद्येत पहिल्याच पायरीला फ्लोटिंग डिस्क नावाचा मंत्र आहे: जमिनीपासून तीन फुटांवर तरंगणारी थाळी, 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोपर्यंत वजन पेलणारी, तासभर विझर्डच्या मागोमाग चालणारी. गोपीचंद राजाची आई मैनावती हिने पहिल्यांदा पाहिले तेव्हा जालिंदरनाथांचा गवताचा भारा डोक्याला न टेकता अधांतरी चालला होता. त्या कथेशी ओळख असलेल्या खेळाडूला ही थाळी नियम वाचता वाचताच दिसू लागेल. आणि मुकादमाने उचल देताना काय लिहून घेतले, कोणता हिशेब लपवला, हा प्रश्न जिला झोपू देत नाही ती डिव्हिनेशन घेईल. डिव्हिनेशनच्या विझर्डला रोज सकाळी दोन वीस-बाजूंचे फासे टाकून आकडे जपून ठेवता येतात आणि दिवसभरात कुणाच्याही फाशाच्या जागी ते वापरता येतात. समोरच्या कपटी व्यापाऱ्याच्या नशिबी नेमक्या वेळी दोनचा आकडा येतो.

तिघींचे गाव एक, हंगाम एक, विद्या तीन. म्हणून विद्या निवडताना ‘मला काय करता यावे’ असे विचारण्याआधी ‘हिच्यावर काय बेतले होते’ असे विचारावे.

जीवन-मरणाच्या विद्येबद्दल मात्र सावध राहावे लागते. आपल्याकडे ती म्हटली की संजीवनी आठवते, आणि गहिनीनाथांच्या जन्माची कथा. कनकगिरीत गोरक्षनाथ संजीवनीचा मंत्र पाठ करत बसले होते. गावातली मुले चिखलाची गाडी करून खेळत होती. त्यांनी गाडीवान करून मागितला. तोंडात मंत्राचा पाठ चालूच, हात चिखलात. पुतळा पुरा झाला आणि जिवंत होऊन रडू लागला. तेच गहिनीनाथ. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ हे त्यांचे शिष्य, म्हणजे वारकरी परंपरेचा एक धागा या चिखलाच्या बाळापर्यंत जातो. संजीवनी म्हणजे अशी वात्सल्याची विद्या आहे. खेळातली नेक्रोमन्सी तशी नाही. मेलेल्याला खरेखुरे परत आणणारे मंत्र तिथे प्रामुख्याने पुरोहिताच्या यादीत आहेत. विझर्डला मिळतो तो हाडांना आणि प्रेतांना हुकमाचे ताबेदार करणारा मंत्र. संजीवनीच्या ओढीने नेक्रोमन्सी घेतलेल्या मराठी खेळाडूच्या वाट्याला सापळ्यांची फौज येते आणि त्याचा हिरमोड होतो. त्याला हवे आहे ते पुरोहिताच्या पात्रात आहे. मातीच्या बाहुलीला हालचाल द्यायची असेल तर ते ट्रान्सम्युटेशनमध्ये आहे, पण तिथे बाहुली मिनिटभर हलते, तिच्यात जीव येत नाही.

रक्षणविद्येचे सर्वांत सुंदर चित्र मात्र मला जालिंदरनाथांच्या कथेत दिसते. गोपीचंद राजाने त्यांना खड्ड्यात पुरून वर घोड्यांची लीद लोटली. नाथांनी सूड घेतला नाही की खड्डा फोडला नाही. भोवती अस्त्रांचे आवरण धरले आणि आत समाधी लावून बसले. पुढे कानिफनाथ गुरूला बाहेर काढायला आले, तेव्हा त्यांना राजालाही वाचवायचे होते. त्यांनी गोपीचंदाचे पाच धातूंचे पाच पुतळे करवले. आतून ‘कोण आहे’ असा प्रश्न आला की गोपीचंदाचे नाव सांगायचे आणि पुतळा पुढे ठेवून राजाला मागे घ्यायचे. गुरूच्या शापाने एकेक पुतळा जळून गेला, राजा वाचला. या एका प्रसंगात गुरूची विद्या आवरण धरण्याची आहे आणि शिष्याची बदली उभी करण्याची. खेळाच्या भाषेत शिष्य भासविद्येच्या जवळ जातो. भासविद्या घेणाऱ्या खेळाडूंना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण ते सहसा भास वापरतात शत्रूला घाबरवायला: ड्रॅगन दाखव, आग दाखव. कानिफांनी भास वापरला रागावलेल्या माणसाच्या रागाला जळायला काही तरी देण्यासाठी. असा उपयोग सुचलेला खेळाडू टेबलावर असला की डीएमला सत्राची तयारी दुप्पट करावी लागते.

आणि रेवणनाथ. दत्तात्रेयांनी त्यांना आरंभी एकच सिद्धी दिली होती, महिमा. नुसते तिला सांगायचे की काम होई. रेवण शेतकऱ्याच्या घरी वाढलेले, त्यांना एवढे पुरेसे वाटले आणि त्यांची कीर्तीही झाली. मग मच्छिंद्रनाथ त्या गावी आले. त्यांच्या अंगाखांद्यावर पशुपक्षी निर्भयपणे खेळत होते. रेवणांनी सिद्धीला तसेच करायला सांगितले, तेव्हा तिनेच सांगितले की हे ब्रह्मवेत्त्यावाचून व्हायचे नाही. रेवण तपाला बसले. खेळात याच ठिकाणी बरेच जण अडकतात. एक युक्ती साधली की प्रत्येक अडचणीवर तीच चालवतात. विशेष विद्या घ्यावी, पण वहीत रोज दुसऱ्या विद्यांचे मंत्र लिहीत राहावे. 2014 च्या नियमांत सापडलेला मंत्र वहीत उतरवायला पायरीमागे दोन तास आणि 50 सुवर्णनाणी लागतात. स्वतःच्या विद्येचा असेल तर निम्मे. हा निम्मा खर्च पाहून खेळाडू आपल्याच विद्येचे मंत्र गोळा करत सुटतो. उलट करावे. प्रत्येक लेव्हलला फुकट मिळणारे दोन मंत्र परक्या विद्येतले घ्यावेत आणि स्वतःच्या विद्येतले स्वस्तात उतरवावेत. दहाव्या लेव्हलपर्यंत वहीच्या भरगच्चपणात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

निवड पहिल्या लेव्हलला करावी लागत नाही, ही नियमांनी केलेली मोठी सोय आहे. मधली सत्रे त्यासाठीच वापरावीत. आपण कोणते मंत्र खरोखर म्हटले आणि कोणते तयार करून तसेच ठेवले, हे प्रत्येक सत्रानंतर कागदावर लिहावे. मनातून ड्रॅगन जाळायची हौस असलेल्या खेळाडूने प्रत्यक्षात दर वेळी सोबत्यांच्या भोवती ढाल धरली, असे त्या कागदावर दिसले तर त्याची विद्या ठरलेली आहे.

सुरुवात करायला महागडी पुस्तके लागत नाहीत. खेळाचे मूळ नियम ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1’ या नावाने जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले आहेत. श्रेय दिले की त्यांचा अनुवाद करायला, ते छापायला आणि वाटायलाही मोकळीक आहे. त्यात विझर्डची एकच विशेष विद्या दिलेली आहे, इव्होकेशन. बाकी सात विद्यांचे मंत्र आहेत, विशेष विद्येचे नियम नाहीत. ही उणीव मला मराठी खेळाडूंसाठी आयती संधी वाटते. रक्षण, आकर्षण, मोहिनी यांचे नियम आपल्या गटाने बसून मराठीत लिहावेत, दोन-चार सत्रे खेळून त्यांचे आकडे दुरुस्त करावेत, आणि आष्टी-पाटोद्याच्या एखाद्या शाळेतल्या मुलांच्या हाती ते पहिल्यांदा द्यावेत.